दोष आणि देणे

सत्कार्य करीत असता त्यातून एखाद्याची हानी झाली, तर त्या हानीचे उत्तर कोणी द्यावयाचे? हा प्रश्न जुना आहे, आणि तो केवळ पंडितांच्या वादाचा आहे असे कोणी समजू नये. दुष्टाने जाणूनबुजून केलेल्या कृत्याचा न्याय करणे त्या मानाने सोपे असते. तेथे दोषी कोण हे एकदा ठरले की भरपाई कोणाकडून घ्यावयाची हेही ठरते. परंतु जेथे हेतू शुद्ध होता, विद्या खरी होती, हजारो लोकांचे कल्याण झाले, आणि तरीही काही निरपराध माणसे त्याच कामामुळे प्राणास मुकली, तेथे आपण काय म्हणावे? "कोणाचाच दोष नाही, तेव्हा कोणाचेच देणे नाही," असे म्हणून मोकळे व्हावे काय?

रोगप्रतिबंधक लसीच्या इतिहासात हा प्रश्न फार स्पष्टपणे पुढे येतो, म्हणून त्यातील एक खरी हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. वैद्य औषध देतो ते आजाऱ्याला; तो आधीच संकटात असतो व त्यातून सुटावे म्हणून स्वतः वैद्याचे दार ठोठावतो. लसीची गोष्ट निराळी. ती धडधाकट माणसाला, पुष्कळदा आईच्या कडेवरील तान्ह्या मुलाला, टोचावयाची असते. जो आज सकाळी आपल्या पायांनी शेतावर गेला त्याला बोलावून, "उद्या कदाचित येईल अशा रोगासाठी आज दंड पुढे कर," असे सांगावयाचे असते. तो दंड पुढे करतो तो सांगणाऱ्यावरील विश्वासाने. ह्या विश्वासाचे मोल काय, व तो ठेवणाऱ्याचे आपण काय देणे लागतो, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम लस शरीरात काय करते ते थोडक्यात पाहू. देवी, गोवर असे काही रोग ज्याला एकदा होऊन गेले त्याला ते बहुधा पुन्हा होत नाहीत, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होती. तिचे कारण मात्र ठाऊक नव्हते. १८९० साली बर्लिन शहरी एमिल फॉन बेरिंग हे जर्मन व शिबासाबुरो कितासातो हे जपानी, अशा दोघा शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. एखाद्या प्राण्याला विशिष्ट रीतीने धनुर्वाताच्या विषाला न जुमानणारा करावा, आणि मग त्याच्या रक्तातील पातळ भाग काढून दुसऱ्या प्राण्याच्या अंगात घालावा. म्हणजे त्या दुसऱ्या प्राण्याचेही त्या विषापासून रक्षण होते. अर्थात पहिल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारा काही पदार्थ उत्पन्न झालेला असतो. त्याला प्रतिविष असे नाव पडले. आज अशा सर्व रक्षक पदार्थांना प्रतिपिंड म्हणतात.

हे प्रतिपिंड ज्या शत्रूसाठी तयार झाले त्यालाच ओळखतात. घटसर्पाचा प्रतिपिंड धनुर्वाताच्या कामी येत नाही. पण शरीराला एकदा शत्रूची ओळख पटली की ते ती बराच काळ, कधीकधी जन्मभर, विसरत नाही, आणि तो पुन्हा दाराशी आला तर प्रतिपिंडांची फौज त्वरेने उभी करते. लस टोचणे म्हणजे प्रत्यक्ष रोगाच्या तावडीत न देता ही ओळख करून देणे होय. घरच्या कुत्र्याला चोराचा सदरा हुंगावयास द्यावा, म्हणजे चोर रात्री आला तर ते त्याला ओळखील, तशातलीच ही युक्ती आहे. त्यासाठी जंतू मारून, किंवा दुर्बळ करून, किंवा त्याचा एखादा अंश तेवढा वेगळा काढून अंगात घालतात. वाचकांनी येथे धनुर्वाताचे नाव मात्र ध्यानात ठेवावे. ते पुढे दुःखाने पुन्हा घ्यावे लागणार आहे.

आता त्या हकीकतीकडे वळू. वाल्डेमार हाफकिन हे रशियन साम्राज्यातील ज्यू कुळात १८६० साली जन्मले. ओडेसा येथे शिकून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, व तेथे पटकीवरील लस तयार करण्याच्या खटपटीस लागले. लस सिद्ध झाली तेव्हा ती माणसाला घातक नाही हे कसे कळावे? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, तो उतरला. आणि मग त्यांनी ती आपल्या मित्रांना टोचली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले व कलकत्ता आणि इतर ठिकाणी त्यांनी हजारो लोकांना, ज्यांची इच्छा होती त्यांना, पटकीची लस टोचली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग आला आहे हे गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. सरकारने हाफकिन यांस मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना अगदी थोडी जागा व मोजकी माणसे मिळाली. पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते प्लेगचे जंतू वाढवीत, व मग उष्णता देऊन ते मारीत. अवघ्या काही महिन्यांत लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा पहिली सुई आपल्याच अंगाला लावून घेतली. तीही मोठी मात्रा घेऊन. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी पुढे आले त्यांस टोचण्यात आले. टोचून घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ कमी आढळले, व लसीची कीर्ती पसरली.

येथे क्षणभर थांबून दोन गोष्टींची नोंद केली पाहिजे. एक अशी की, दुसऱ्यास जोखीम पत्करावयास सांगण्यापूर्वी ती स्वतः पत्करणे ह्यासारखे सांगण्याचा अधिकार देणारे दुसरे काही नाही. त्याच वर्षी पुण्यास शिपायांकडून घरोघर झडत्या घेऊन, माणसांना ओढून छावण्यांत नेऊन प्लेग हटविण्याचा यत्न झाला. त्याचा हेतूही रोग हटविण्याचाच होता. परंतु त्याने लोकांची मने किती दुखावली, व २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी कशी झाडली गेली, हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट अशी की, भायखळ्याचे कैदी स्वखुशीने पुढे आले असे नमूद असले तरी, ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे त्याची स्वखुशी ती कितीशी मोकळी? लसीच्या यशाचा आरंभ ज्यांच्या देहांवर पारखला गेला त्यांत हे कैदी होते. यश सांगताना ही गोष्टही सांगितली पाहिजे.

१८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या मोठ्या वास्तूत गेली, व तेथून लक्षावधी मात्रा देशभर जाऊ लागल्या. १९०२ च्या सुमारास पंजाबात प्लेगने हाहाकार उडविला होता. तेथील सरकारने लसीची मोठी मागणी केली. आणि ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल नावाच्या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) पाच बाटल्यांतून १०७ लोकांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी चार बाटल्यांतून ज्यांस टोचले त्या ८८ जणांस काही झाले नाही. पाचव्या बाटलीतून ज्या १९ जणांस टोचले ते थोड्याच दिवसांत आजारी पडले. त्यांचे जबडे आखडले, अंग कमानीसारखे वाकले. तो धनुर्वात होता. एकोणीसच्या एकोणीस मरण पावले.

वाचकहो, ह्या माणसांनी काय केले होते? काहीच नाही. त्यांनी सांगितलेले ऐकले होते. गावातील इतर कित्येक जण मागे राहिले असतील. हे पुढे आले. ज्या धनुर्वाताच्या अभ्यासातून प्रतिपिंडांचे ज्ञान जगाला प्रथम झाले, त्याच धनुर्वाताचे जंतू एका बाटलीतून त्यांच्या अंगात गेले. आता विचारावयाचे ते हे की, त्यांचे उत्तर कोणी द्यावे? ह्या प्रश्नाला सामान्यतः तीन प्रकारची उत्तरे दिली जातात, व ती तिन्ही आपण गावात, घरात, सभेत नेहमी ऐकतो.

पहिले उत्तर वजाबाकीचे. ते असे की, १८९६ पासून पुढील काही दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. लसीने असंख्य वाचली. त्यापुढे एकोणीस म्हणजे किती? ह्या बोलण्यात काही खरे आहे, ते टाकून देऊ नये. लस टोचण्याचे काम पुढे चालवावे की बंद करावे, हा प्रश्न असेल तेव्हा संख्या अवश्य मोजल्या पाहिजेत. एका गावच्या दुःखासाठी शंभर गावे रोगाच्या तोंडी देणे ही दया नव्हे. परंतु आपला प्रश्न तो नाही. आपण विचारीत आहो की, ह्या एकोणीस कुटुंबांचे आपण काय लागतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर चालत नाही. सावकाराच्या वहीत एकाची जमा कितीही मोठी असली म्हणून दुसऱ्याच्या नावे पडलेली रक्कम फिटत नाही. लाहोरास वाचलेल्या माणसाचा आनंद मुलकोवालच्या विधवेच्या पदरात कसा घालावयाचा? जे वाचले ते एक, व जे गेले ते दुसरे. त्यांची बेरीज-वजाबाकी करणारे आपण तिसरेच.

दुसरे उत्तर दोषी शोधण्याचे. मुलकोवालनंतर तेच झाले. चौकशी मंडळ बसले; त्याचा कल असा झाला की बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी. मोठ्या मागणीच्या काळात हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते व उष्णतेवर भर दिला होता. ही रीत पाश्चर संस्थेत चालू होती. तरी संशयास तेवढे कारण पुरले. हाफकिन यांस प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून जावे लागले. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला, तेव्हा दोष परळचा असल्याचे सिद्ध होत नाही असे दिसले. बाटली उघडण्यासाठी वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, अशी साक्ष होती. जंतू आधीपासून कित्येक आठवडे बाटलीत वाढत असते तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आल्याची नोंद नव्हती. १९०७ साली हिवतापाच्या शोधाबद्दल विख्यात असलेले रोनल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञ यांनी लंडनच्या टाइम्स पत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्यावरील ठपका दूर झाला. ते कलकत्त्यास परत आले. पण परळची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही.

पाच वर्षे! निर्दोष माणसावर पाच वर्षे कलंक राहिला, हा अन्याय खराच. परंतु दुसऱ्या बाजूनेही पाहा. मुलकोवालच्या घरांतून एकोणीस प्रेते गेली होती; दोष परळचा की चिमट्याचा ह्या निकालावर त्या घरांचे देणे अवलंबून ठेवावयाचे, तर त्यांनी पाच वर्षे वाट पाहावयाची होती काय? आणि निकाल लागला म्हणून त्यांच्या हाती काय आले? दोष हाफकिन यांच्या माथ्यावरून उतरवून चिमटा धरणाऱ्या हाताखालच्या माणसावर ठेवला, की आपले समाधान होते. कारण लहान माणसावर ठेवलेले ओझे कोणाला दिसत नाही. पण त्यास कोणी शिकविले होते? किती शिकविले होते? एका दिवसात किती गावे उरकावयाची, ही घाई कोणी ठरविली होती? दोषाचा धागा ओढू लागले म्हणजे तो एका माणसाशी येऊन थांबत नाही. चौकशी अवश्य करावी. तीमुळे पुढील बाटली सुरक्षित होते. परंतु चौकशी म्हणजे भरपाई नव्हे.

तिसरे उत्तर दैवाचे. "त्यांची वेळ भरली होती," "होणारे चुकत नाही." हे बोलणे दुःखी माणूस स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी बोलला तर त्यास कोणी हसू नये. परंतु ज्याचे काही गेले नाही त्याने ते बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःच्या बेफिकिरीचे पांघरूण घालणे होय. ज्या लाभाचा वाटा घेताना आपण दैवाचे नाव काढत नाही, त्याच कामातील हानीचा वाटा मात्र दैवाकडे लोटावा, ही लबाडी आहे.

मग खरे उत्तर कोणते? ते समजण्यासाठी आपल्या नेहमीच्या पाहण्यातले उदाहरण घेऊ. एखाद्या गावाने ठरवून सर्वांसाठी विहीर खणावयास घेतली. गावातले चार जण खाली उतरून खणत आहेत. कडा नीट बांधलेल्या आहेत, पाटील सावध आहे, कोणी हयगय केलेली नाही. तरी एके दिवशी दरड कोसळून एक जण तिच्याखाली सापडला. पुढे विहिरीला पाणी लागले. सारे गाव ते पिऊ लागले, गुरे प्याली, मळे भिजले. आता त्या मेलेल्या माणसाची बायको हंडा घेऊन त्याच विहिरीवर येते. तिला पाटलाने सांगावे काय, की "बाई, चौकशी झाली, कोणाचा दोष निघाला नाही, तेव्हा गावाकडे तुझे काही निघत नाही"? गावातले लहान पोरही म्हणेल की हे बोलणे बरोबर नाही. दोष कोणाचा नसेल. पण देणे सर्वांचे आहे. कारण तो मेला तो स्वतःच्या विहिरीत नाही. तो आमच्या विहिरीत मेला.

दोष आणि देणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोष येतो तो वाईट हेतूतून किंवा हयगयीतून. देणे पुष्कळदा घेतलेल्या लाभातूनच उत्पन्न होते. ज्याने सर्वांसाठी जोखीम उचलली व तीत जो पडला, त्याचे देणे जोखमीचा लाभ घेणाऱ्या सर्वांवर असते; मग त्यात अपराधी कोणी असो वा नसो. आपण दोन्हींची गल्लत करतो, आणि त्यामुळे दोन्हीकडून अन्याय होतो. देणे द्यावयाचे नाही म्हणून दोष नाकारतो, किंवा देणे कोणाच्या तरी माथी मारावयाचे म्हणून निर्दोषाला दोषी करतो.

कोणी म्हणेल, विहीर सर्वांची असते हे खरे; परंतु लस तर जो तो आपल्यापुरती घेतो. तसे नाही. अनेक संसर्गजन्य रोगांत, ज्यांच्या अंगी प्रतिपिंड आहेत असे लोक पुष्कळ झाले, की रोगाला एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वाट मिळत नाही. मग ज्याला अजून लस देता येत नाही असे आठवड्याचे मूल, किंवा आजाराने ज्याचे रक्त प्रतिपिंड तयार करीत नाही असा दुबळा मनुष्य, तोही शेजाऱ्यांच्या आडोशाने वाचतो. देवीचेच पाहा. १९७७ साली सोमालियात तिचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे पृथ्वीवरून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. आज ज्या तरुणांच्या दंडावर देवीचा वण नाही, त्यांना तो घ्यावा लागला नाही. कारण त्यांच्या आजी-आजोबांनी तो घेतला होता. त्या जुन्या लसीने प्रथमच टोचून घेणाऱ्या दर दहा लाखांत सुमारे एकास मृत्यू येत असे. त्या एकाच्या जोखमीचे फळ ज्याला कधी सुई लागली नाही त्याच्याही पदरात पडले आहे. विहीर आणखी कोणती ती असावयाची?

हा विचार केवळ बोलण्याचा आहे, व्यवहारात येणारा नाही, असेही कोणी समजू नये. १९५५ च्या एप्रिलात अमेरिकेत जोनास साल्क यांची पोलिओची लस सुरक्षित व गुणकारी असल्याचे जाहीर झाले. लगेच लक्षावधी मुलांस ती टोचली गेली. परंतु कॅलिफोर्नियातील कटर कंपनीच्या काही लसीत विषाणू पुरते मेलेले नव्हते. त्यामुळे मुले व त्यांच्या सहवासातील माणसे धरून सुमारे दोनशे जण पांगळे झाले, व दहा मरण पावले. ही गोष्ट लपविली गेली नाही. महिना संपण्यापूर्वीच त्या कंपनीची लस परत मागविण्यात आली, काही काळ सारेच काम थांबविण्यात आले, तपासणीचे नियम कडक करण्यात आले, व मग काम पुन्हा सुरू झाले. १९५२ साली त्या देशात पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण होते. १९५७ साली ते सहा हजारांहूनही कमी झाले. आईबापांनी मुले पुन्हा आणली म्हणूनच हे घडू शकले.

त्या प्रकरणी १९५८ साली एका पंचमंडळाने दिलेला निकाल विचार करण्याजोगा आहे. कंपनीने हयगय केली असे आम्हांस वाटत नाही, असे पंच म्हणाले. तरीही जी वस्तू निर्धोक म्हणून दिली तिने इजा झाली आहे, तेव्हा भरपाई दिली पाहिजे, असे त्यांनी ठरविले. ते कायद्याचे पंडित नव्हते, सामान्य नागरिक होते. आपल्या विहिरीच्या उदाहरणातील लहान पोराला जे दिसले, तेच त्यांना दिसले. पुढे १९८६ साली त्या देशाने ह्यासाठी निराळा कायदाच केला. लसीमुळे इजा झाल्याचे मान्य झाले की दोष कोणाचा हे सिद्ध न करता भरपाई मिळते, आणि तिचा पैसा लसीच्या प्रत्येक मात्रेवरील लहानशा करातून जमतो. एका रोगाच्या एका मात्रेमागे पाऊण डॉलर. घरोघरी दळणातून मूठभर धान्य बाजूस काढावे व त्यातून गावच्या निराधाराचे पोट भरावे, तशीच ही रीत आहे. ज्याचे मूल सुखरूप राहिले, तो ज्याचे राहिले नाही त्याच्यासाठी मूठभर देतो.

ह्यावर एक आक्षेप गंभीर आहे. हानीची वाच्यता केली तर अडाणी लोक भितील, लस नाकारतील, व त्यातून अधिक मरतील. तेव्हा गप्प बसणेच परोपकाराचे नाही काय? असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु त्यांनी माणसांस ओळखलेले नाही. गावात मृत्यू लपत नाही. तो सरकारी कागदावर लपला तर पारावर वाढतो. एकाचे दहा होतात, आणि खऱ्या कारणाच्या जागी हजार खोटी कारणे उभी राहतात. ज्याने आधी सांगितले की "दहा लाखांत एकास इजा होऊ शकते, आणि झाली तर आम्ही तुझ्यामागे उभे राहू," त्याचे बोलणे इजा झाल्यावरही खरे ठरते. ज्याने "काहीच होत नाही" असे सांगितले, तो एका इजेने कायमचा खोटा ठरतो, व त्याच्याबरोबर त्याची खरी विद्याही लोकांच्या मनातून उतरते.

परंतु सत्य पुरते सांगावयाचे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलकोवालचे नाव घेऊन सर्वच लसी नाकारणारा मनुष्य त्या एकोणीस जणांचा कैवारी ठरत नाही. तो चार बाटल्यांतील ८८ जणांविषयी बोलत नाही, आणि लस न घेता जे प्लेगने, देवीने, घटसर्पाने गेले त्यांची मोजदाद करीत नाही. दरड कोसळली म्हणून विहीर बुजवावी, असे सांगणारा विधवेचा मित्र नव्हे. तिचीही मुले तहानेने मरतील. कडा अधिक मजबूत बांधाव्या, खणणे चालू ठेवावे, आणि तिच्या घरी धान्य पोहोचवावे, हाच मार्ग आहे.

तेव्हा आपल्यासारख्या गावकऱ्यांनी ह्यातून काय घ्यावे? लस घेण्याची वेळ येईल तेव्हा ती समजून, विचारून घ्यावी. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. टोचल्यानंतर कोणाला विपरीत काही झाले तर ते झाकू नये व फुगवूही नये. त्याची नोंद करण्याची व्यवस्था आज आपल्या देशातही आहे, तेव्हा उपकेंद्राला किंवा आशा सेविकेला त्वरित कळवावे. टोचणाऱ्या परिचारिकेवर धावून जाऊ नये. ती बहुधा त्या लांबलचक धाग्याचे शेवटचे टोक असते. आणि ज्या घरावर खरोखर आघात झाला असेल, त्या घराला "तुमचे नशीब" म्हणून एकटे सोडू नये. त्यांच्या शेताची पेरणी, त्यांच्या मुलांची फी, दवाखान्याच्या खेपा, ह्यांत गावाने हात लावावा. तो उपकार म्हणून नव्हे, तर आपल्या वाट्याचे देणे म्हणून.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले, व ते आजही तिला आहे. ज्याने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे निर्दोष असता दोष सोसला, त्याचा हा मान योग्यच होय. मुलकोवालच्या एकोणीस जणांची नावे मात्र तुम्हांआम्हांस ठाऊक नाहीत. हाफकिन यांनी सर्वांसाठी जोखीम घेतली ती जाणून. त्या एकोणीस जणांनी घेतली ती विश्वासून. आज आपण निरोगी आहो ते ज्यांच्यामुळे, त्या मालिकेत दोघेही बसतात. एकाचे देणे मानाने फेडता येते. दुसऱ्याचे फेडावयाचे तर पुढे जो कोणी आपल्या विहिरीत सापडेल, त्याच्या दाराशी आपण गेले पाहिजे.